पडद्यामागची खुर्ची

ताईच्या आईने तो सिनेमा हजार वेळा तरी पाहिला असेल, आणि त्यातलं जेमतेम अर्धं मिनिट सोडलं तर बाकी सगळा डोळ्यांवर हात ठेवून.

सिनेमा होताच तसा. कार्टूनचा, पण पोराबाळांना दाखवायचा नव्हे. दारावर तशी पाटीच होती. सात गोष्टी, एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही. एकीत न्हावी गिऱ्हाइकांच्या केसांबरोबर त्यांची स्वप्नंही कापून ठेवतो. एकीत चौकातले पुतळे खाली उतरून माणसं चघळतात. चौथीत अंगावर चिंधी नसलेल्या बायका चंद्रावर लढाई करतात, आणि कशासाठी करतात ते त्यांनाही शेवटपर्यंत कळत नाही. लागला तेव्हा आठवड्यात उतरला. मग कॉलेजच्या पोरांनी कॅसेटवर शोधून काढला आणि असा डोक्यावर घेतला की विचारू नका. त्यातल्या ओळी बोलत फिरायची, त्याची चित्रं अंगरख्यांवर छापून घ्यायची. ज्यांनी तो बनवला ते तोवर कुठल्या कुठे पांगलेले.

आई दुपारी खुर्चीत बसायची आणि ताईला विचारायची, "मुंडकं उडालं का?"

"उडालं, आई."

"त्या बायका गेल्या का?"

"गेल्या. काढ हात."

मग आई हात काढायची, कारण पाचवी गोष्ट लागलेली असायची. रिकामी गल्ली, सगळ्या खिडक्या बंद, खालून एक शिपाई चाललाय. तिसऱ्या मजल्यावर एका खिडकीचा पडदा बाजूला होतो, एक मुलगी खाली बघते, पडदा पडतो. बस, एवढंच. ती कोण, तिथे काय करते, सिनेमा सांगत नाही. पुढे ती कधी येतही नाही. पोरांनी त्यावर रात्री जागवल्या होत्या. कुणी म्हणे ती शिपायाची मेलेली बायको, कुणी म्हणे ती मरणच. काय काय डोकी चालवली होती.

ती ठिपकी होती. ताईची धाकटी बहीण.

आता हे कसं, ते नीट सांगितलं पाहिजे. दोघी बहिणी त्याच स्टुडिओत कामाला होत्या. तेव्हा असले सिनेमे हाताने व्हायचे. पारदर्शक शीट असायची. ट्रेसिंगवाली बाई त्या शीटच्या पुढच्या बाजूला शाईने रेघ काढायची. मग शीट उलटवून रंगवाली बाई पाठीमागून रंग भरायची, म्हणजे पुढून बघताना रेघ स्वच्छ राहते. एका सेकंदाला बारा शीटा, दोन वर्षं हेच. ठिपकी ट्रेसिंगला, ताई रंगाला. अख्ख्या स्टुडिओत एकीला पुढची म्हणायचे, दुसरीला मागची. ठिपकीचा हात भराभर चालायचा. तिच्या चाळीस शीटा सुकल्या तरी ताईच्या वीस व्हायच्या. "मागची अजून मागेच," ती सगळ्यांसमोर म्हणायची आणि ताईचं तोंड एवढंसं व्हायचं.

ठिपकी हे नाव तिच्या तिळामुळे पडलं. गालावर, डोळ्याच्या खाली, तुरीच्या दाण्याएवढा काळाभोर तीळ. घरातलं खरं नाव रेशनकार्डावर राहिलं.

मग एका हिवाळ्यात ठिपकीचा हात थरथरायला लागला. थोडासाच, पण शीटवर केसाएवढी चूक पडद्यावर हातभर दिसते. रेघा उकळल्यासारख्या हलायला लागल्या. साहेबांनी रंगवाल्यांना बोलावून विचारलं, ही रेघ कुणाची? बाकी सगळ्या मूग गिळून गप्प. ताईने सांगितलं. खोटं नव्हतं ते. आणि "मागची अजून मागेच" हे तिच्या मनात नव्हतं, असंही नाही. दुसऱ्या दिवशी ठिपकीचं टेबल दुसऱ्या मुलीला दिलं.

ठिपकी भांडली नाही. तिचा स्वभावच तसा, एक गोष्ट दोनदा बोलायची नाही. त्याच आठवड्यात आई आणि ताई बाहेर गेलेल्या असताना ती घर सोडून गेली. जाताना तिने अल्बम काढला आणि ट्रेसिंगच्या पात्याने प्रत्येक फोटोतून स्वतःला कापून नेलं. केसांच्या कडेकडेने, कानाच्या पाळीवरून, इतकं सफाईदार की मागे तिच्या आकाराची भोकं राहिली. आईच्या मांडीवर भोक, ताईच्या शेजारी भोक, शाळेच्या रांगेत भोक. थरथरणारा हात त्या दिवशी जरासुद्धा हलला नव्हता. ताई ती भोकं बघत बसली आणि तिला आपल्याच घरात भीती वाटायला लागली.

पंधरा दिवसांनी पाचव्या गोष्टीच्या शीटा टेबलावर आल्या. खिडकीतल्या मुलीच्या बेचाळीस शीटा. चेहरा कसला, नखाएवढी बाह्यरेषा, डोळ्यांचे दोन ठिपके, तोंडाची रेघ. कुणाचाही असावा असा. ताईने केस भरले, कातडीचा रंग भरला, आणि मग इकडेतिकडे बघून सगळ्यांत बारीक ब्रशने गालावर एक काळा ठिपका दिला. ट्रेसिंगची रेघ नसताना तिने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी आपल्या मनाने काढलं. बेचाळीस शीटा, बेचाळीस ठिपके. स्टुडिओत कुणाला सांगितलं नाही. वाटलं, कुठे असेल तिथे बघेल, आणि समजेल की ताईला वाईट वाटतंय.

घरी फोटो एकही नव्हता, त्यामुळे आईला तीच पोर उरली. कॅसेट मिळाली तेव्हा ताईने तिला त्या ठिपक्याचं सांगितलं, आणि तेव्हापासून रोज दुपारी. वर्षं गेली तशी आई काहीबाही बोलायला लागली. "आज दमलेली दिसते गं," म्हणायची. "आज तिने पडदा जरा जास्त वेळ धरला." ताई तिची समजूत काढायची, आई, चित्र आहे ते, मी रंगवलंय. आणि मग एखाद्या दुपारी तिलाही वाटायचं की आज खरंच जास्त वेळ धरला. त्या दिवशी ती गॅलरीत जाऊन उगाच कपडे काढत बसायची.

ठिपकी जाऊन एकवीस वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. दुपारी चारला बेल वाजली. दारात एक बाई, चाळिशी उलटलेली, केस बारीक कापलेले, चष्मा, खांद्याला पिशवी. ती म्हणाली, "मी आले."

आता तुम्ही म्हणाल, सख्खी बहीण ओळखता येत नाही? नाही येत हो. बावीस वर्षांची पोर गेली होती, दारात बाई उभी होती. आणि आईने पेपरात दोनदा हरवल्याची जाहिरात दिल्यापासून अशा दोघी येऊनही गेल्या होत्या. त्यातली एक तर इतकं सुरेख रडली होती की आईने तिला आठवडाभर ठेवून घेतलं, आणि मग ती भलतीच निघाली. तेव्हापासून दोघी मायलेकींचा विश्वास उडाला होता.

आईने बाईला खुर्चीजवळ बोलावलं. "उजेडाकडे तोंड कर."

बाईने केलं. गालावर तीळ होता. मग आईने भुवया आवळल्या आणि ताईला म्हणाली, "कॅसेट लाव."

ताईने कॅसेट लावली, पुढे पळवली, मुंडकी आणि चंद्रावरच्या बायका भुर्रकन गेल्या. पडदा सरकला, मुलगी खाली बघायला लागली, आणि आईने चित्र थांबवलं. थांबलेलं चित्र जागच्या जागी कापत होतं. तिघी बघत राहिल्या. मुलीचा तीळ उजव्या गालावर होता. बाईचा डाव्या.

"आमच्या पोरीचा उजव्या गालावर होता," आई म्हणाली.

बाईने टीव्हीकडे बघितलं. मग ताईकडे बघितलं, बराच वेळ. "ताई, तुलाही तसंच आठवतंय?"

ताई म्हणायला काय, तिला कुणीही म्हणायचं, दूधवालासुद्धा. ती म्हणाली, "दिसतंय ना समोर."

आणि बाई हसली. नाकातल्या नाकात, अगदी थोडं. पिशवी सावरली आणि निघून गेली.

ते हसणं ताईच्या मागे लागलं ते लागलंच. फसवायला आलेलं माणूस पकडलं गेलं की रडतं, भांडतं, शिव्या देतं. ही हसली का? भांडी घासताना, बसच्या रांगेत, अंघोळीला गेल्यावर, कुठेही ते मधूनच ऐकू यायचं. तीन वर्षांनी आई गेली. जायच्या आदल्या आठवड्यात आई म्हणाली, "त्या बाईचा हात बघितलास? पिशवीच्या पट्ट्यावरचा? थरथरत होता."

"भीतीने थरथरत असेल," ताई म्हणाली. त्यानंतर तिने कॅसेट कपाटात वर ठेवून दिली, आणि तो सिनेमा पुन्हा कधी बघितला नाही.

त्यालाही सतरा वर्षं झाली. ताई सदुसष्टची झाली, गुडघे बोलायला लागले, आणि यंदा एक पत्र आलं. सिनेमाला चाळीस वर्षं झाली म्हणून भक्तमंडळी दरवर्षीसारखा दुपारचा खेळ करणार होती, आणि त्यांना कळलं होतं की रंगवणाऱ्यांपैकी एक बाई हयात आहे. सिनेमानंतर मंचावर या, चार शब्द बोला. ताई तीन दिवस नको नको म्हणत राहिली आणि चौथ्या दिवशी साडीला इस्त्री करून गेली. खरं सांगायचं तर तिला मंचाबिंचाची हौस नव्हती. तिला एकदा ठिपकीला बघायचं होतं. मोठ्या पडद्यावर, आई शेजारी नसताना.

हॉल जुना. पडदा म्हणजे मंचाच्या पुढच्या कडेला ताणलेलं पांढरं कापड. पोरापोरींनी खिडकीचं चित्र छापलेले कपडे घातले होते. एकीने ताईचा हात धरून तिला बाजूच्या जिन्याने मंचावर नेलं, कापडाच्या मागे. "गुडघे दुखतात म्हणालात ना, नंतर पायऱ्या नकोत. इथेच बसा, नाव घेतलं की कापड वर जाईल."

तिथे एक लाकडी खुर्ची होती. हॉलचा म्हातारा वॉचमन ती फडक्याने पुसत होता. "बसा," तो म्हणाला. "तशी ही एका बाईंची खुर्ची आहे. दरवर्षी येतात, इथूनच बघतात. यंदा अजून दिसल्या नाहीत."

"मागून काय दिसतं?"

"सगळं दिसतं की. उलटं, एवढंच."

दिवे गेले. कापडावर उजेड पडला आणि तो आरपार आला. नावाची अक्षरं उलटी उमटली. न्हाव्याने डाव्या हाताने कात्री धरली. ताईला आधी गरगरल्यासारखं झालं, आणि मग काहीतरी विचित्रच वाटायला लागलं. हा सिनेमा तिच्या ओळखीचा होता. कॅसेटवरच्यापेक्षा जास्त ओळखीचा. पुतळे या बाजूने उतरतात, बरोबर. चंद्रावरची ती बाई भाला या हातात धरते, बरोबर. आपण हा असाच तर पाहिला होता, दोन वर्षं, एकेक शीट, पाठीमागून. पुढून बघायची वेळ आपल्यावर आलीच कुठे होती? मानेवर गार वारा आल्यासारखं झालं. मागचं दार कुणी उघडलं असेल, असं तिला वाटलं.

पाचवी गोष्ट लागली. कापडापलीकडे तीनशे माणसं एकदम गप्प झाली. गल्ली, बंद खिडक्या, शिपाई उलट्या बाजूने चाललेला. तिसऱ्या मजल्यावरचा पडदा सरकला.

मुलीचा तीळ डाव्या गालावर होता.

ताई खुर्चीत तशीच बसून राहिली. शीट उलटी, आपण मागून बसलेलो, समोर तो नखाएवढा चेहरा. ठिपकी समोर बसली की तीळ जिथे दिसायचा, नेमका तिथेच आपण ठिपका दिला. मागून. शीट सुलटी झाली आणि तीळ दुसऱ्या गालावर गेला. रंगवालीची पहिल्या दिवसाची चूक. ट्रेसिंगची रेघ असती तर झाली नसती, पण रेघ काढणारीला तर आपणच उठवलं होतं. आणि मग वर्षानुवर्षं रोज दुपारी तो चुकीचा गाल बघून बघून मायलेकींनी खरा गाल विसरून टाकला.

दारातल्या बाईचा डावा होता. ती हसली, कारण ठिपका मागून दिलाय हे तिने एका नजरेत ओळखलं. ट्रेसिंगवालीला दुसरं काय दिसणार?

पडदा पडला. खिडकी बंद झाली. ताईला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. आपण तिला दोनदा घालवलं, आणि दुसऱ्यांदा तर आईच्या डोळ्यांदेखत. आई तिचा हात ओळखत होती आणि आपण म्हणालो, भीतीने असेल.

तिने वॉचमनची बाही धरली. "ही खुर्ची ज्यांची आहे त्या बाई. कशा दिसतात?"

"आत्ता होत्या की," वॉचमन म्हणाला. "तुमच्या मागेच उभ्या होत्या. त्या चंद्रावरच्या लढाईपासून."

ताईने वळून बघितलं. मागे अंधार, दोऱ्या, एक मोडकी शिडी.

"मी म्हटलं, तुम्हाला उठवतो. तर म्हणाल्या, बसू दे. नीट बघू दे तिला. खिडकी बंद झाली तशा गेल्या. नेहमी तेव्हाच जातात."

"कुठून?"

त्याने मागचं दार दाखवलं. ताई उठली. गुडघे काय म्हणत होते ते तिने ऐकलं नाही. मागे सहावी गोष्ट चालू झाली, लोक ठरलेल्या ठिकाणी ठरलेलं वाक्य एका सुरात बोलले, आणि ती दार ढकलून बाहेर आली.

दुपारच्या उजेडाने डोळे दिपले. मागची गल्ली, दोन्ही बाजूंना गोदामांच्या पाठी, सगळ्या खिडक्या बंद. कुणी चिटपाखरू नाही. फक्त शेवटच्या टोकाला एक बाई चाललेली, पाठमोरी, केस बारीक कापलेले, पांढरे, खांद्याला पिशवी. ताईला क्षणभर कळेना की आपण बाहेर आलोय की अजून आतच आहोत. तिने वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर कुणी नव्हतं.

हाक मारायची तर काय मारायची? चाळीस वर्षांत ते नाव जिभेवर आलं नव्हतं. आलं ते चिरक्या, म्हाताऱ्या आवाजात.

"ठिपके."

बाई थांबली. वळली मात्र नाही.

ताई भिंतीला हात लावत लावत गेली. चार पावलांवर आली तेव्हा बाई पाठमोरीच बोलली. "कुठला गाल?"

"डावा," ताई म्हणाली. "डावा गं. मी मागून दिला होता ठिपका. माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि साहेबांना तुझं नाव सांगितलं ना, तेही तुला मागे टाकायला सांगितलं. दोन्ही माझंच."

बाईने पिशवीचा पट्टा घट्ट धरला. "आई?"

"सतरा वर्षं झाली. तुझा हात ओळखला होता तिने. जाताना मला म्हणाली. मी ऐकलं नाही."

आतून माइकवर ताईचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या झाल्या, पुन्हा पुकारलं गेलं. मग बाई वळली. सुरकुत्यांत तीळ अर्धा बुडाला होता, पण होता तिथेच होता.

"मला वाटलं, वर्षभरात कळेल तुला," ठिपकी म्हणाली. "फार तर दोन वर्षं. म्हणून दरवर्षी येऊन बसायचे मागे. म्हटलं, सिनेमा बघायला येईल, कधीतरी मागून बघेल."

"वीस लागली."

"तू पहिल्यापासून हळू रंगवायचीस," ठिपकी म्हणाली.

पट्ट्यावरचा तिचा हात थरथरत होता. ताईने तो हातात घेतला, आणि थरथर थांबेपर्यंत सोडला नाही. ती थांबणारी नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं.